वहीपुढे कॅमेरा

जानेवारी आला की वहीची ओढ सगळ्यांनाच लागते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात डायऱ्यांच्या थप्प्या लागतात, बँका आणि पतपेढ्या फुकट वाटतात त्या वेगळ्याच. मार्चमध्ये त्याच डायरीत किराण्याची यादी आणि पोरांची गुणाकाराची आकडेमोड सापडते.

हे जुनंच.

नवं ते असं की आता वहीत पहिलं वाक्य उतरायच्या आधी तिचा फोटो निघतो. खिडकीतला उजेड, शेजारी कॉफीचा मग, टोपण काढून ठेवलेलं फाउंटन पेन. पानावर घोटीव अक्षरात मथळा: 'माझं मन'.

खाली पान कोरं.

जर्नलिंग हा आता छंद झाला आहे आणि छंद म्हटला की सोबती हवेतच. कुठली शाई कागदाच्या मागे फुटते, कुठल्या कागदावर निब अडतं, चार दिवस खाडा पडला तर पुन्हा कसं सुरू करायचं, हे एकमेकांना विचारावं आणि सांगावं. नाशिकच्या एखाद्या मुलीला नागपूरची अनोळखी बाई सांगते, "रोज एकच ओळ लिही, पण तारीख टाक." त्या मुलीचं यात भलंच होतं. हातातली वही टिकवायला असा धीर लागतो आणि तो घरात मिळेलच असं नाही.

तेव्हा छंद जरूर वाटा. माझं भांडण त्याच्याशी नाही.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. शाईबद्दल बोलता बोलता कागद समोर येतो, कागदावरून मजकूर समोर येतो, आणि एक दिवस कॅमेरा लावूनच रोजनिशी लिहिली जाते. पान लोकांना दिसणार हे हाताला कळलं की हात बदलतो.

पटत नाही? शाळा आठवा.

सुट्टीत रोजनिशी लिहायला सांगायचे आणि सुट्टीनंतर बाई ती तपासायच्या. काय लिहायची मुलं? सकाळी लवकर उठलो. दात घासले. देवाला नमस्कार केला. आईला कामात मदत केली. अख्ख्या वर्गाची सुट्टी एकसारखी. ज्या दिवशी बापाने मारलं तो दिवस कुणाच्याच वहीत नसायचा.

लाल शाईची रेघ येणार हे माहीत असलं की लहान पोरसुद्धा खरं झाकायला शिकतं. मग हजारभर अनोळखी डोळे बघणार असतील तर मोठं माणूस काय करेल?

मोठ्यातल्या मोठ्या माणसाचंच बघू. टॉलस्टॉय.

1862 साली लग्नाच्या तोंडावर चौतीस वर्षांच्या या रशियन कादंबरीकाराने अठरा वर्षांच्या सोफियाच्या हातात आपल्या जुन्या डायऱ्या ठेवल्या. आपल्यात काही लपलेलं नको, म्हणून. त्यात जुगार होता, बायका होत्या, गावातल्या एका शेतकरी बाईशी असलेले संबंध होते. त्याचं मन हलकं झालं. तिच्या मनावर ते ओझं कायमचं बसलं.

हाच प्रसंग त्याने पुढे 'अ‍ॅना कॅरेनिना'मध्ये लेविन आणि किटीच्या वाट्याला दिला. म्हणजे काय घडलं हे त्याला नीट कळलं होतं.

पुढे दोघंही डायऱ्या लिहीत राहिली आणि एकमेकांच्या वाचत राहिली. म्हातारपणी वाचक आणखी वाढले. शिष्य चेर्त्कोव्हला डायऱ्यांचा ताबा हवा होता, बायकोलाही हवा होता, घरात त्यावरून रोज रडारड. शेवटी जुलै 1910 मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, टॉलस्टॉयने एक वेगळी वही सुरू केली. फक्त स्वतःसाठी. ती तो बुटात लपवायचा.

बायकोला ती सापडली.

त्याच वर्षी एका रात्री ती आपले कागद धुंडाळते आहे हे त्याने ऐकलं आणि उजाडायच्या आत घर सोडलं. थोड्याच दिवसांत आस्तापोवो नावाच्या आडगावच्या रेल्वे स्टेशनवर तो वारला. संसार मोडायला कारणं पुष्कळ होती, सगळा दोष वहीच्या माथी मारता येणार नाही. पण एक गोष्ट स्वच्छ दिसते. डायरीला वाचक मिळाले तेव्हा लिहिणाऱ्याला दुसरी डायरी शोधावी लागली.

जगाला सगळं सांगून टाकणाऱ्या माणसाला बूट लागला. आपण कोण?

इथे कुणीतरी अ‍ॅन फ्रँकचं नाव काढणारच. तिची डायरी साऱ्या जगाने वाचली, मग?

मग नीट वाचा. 12 जून 1942 रोजी तेराव्या वाढदिवसाला तिला लाल-पांढऱ्या चौकड्यांची वही मिळाली. पावणेदोन वर्षांनी, 28 मार्च 1944 रोजी, लंडनहून होणाऱ्या रेडिओ प्रसारणात डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी लोकांना आवाहन केलं की युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा. तेव्हा अ‍ॅनने काय केलं? आपली वही उचलून कुणाला दिली नाही. तिने सुटे कागद घेतले आणि सगळं नव्याने लिहायला घेतलं. काही गाळलं, काही भर घातली, माणसांना दुसरी नावं ठरवली. मूळ वही बाजूला राहिली.

चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, नाझींपासून लपून बसलेली, खाली पावलं वाजली की श्वास रोखणारी. तिला कळलं होतं की स्वतःसाठी लिहिणं आणि लोकांसाठी लिहिणं ही दोन कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळे कागद लागतात.

आपल्याकडे अख्खा दिवस फोन हातात असतो. आपल्याला हे का कळू नये?

अ‍ॅनच्या पहिल्या वहीतली दोन पानं तिने तपकिरी कागद चिकटवून झाकली होती. 2018 साली संशोधकांनी मागून प्रकाश टाकून, फोटो काढून ती वाचली. आत काय निघालं? चार चावट विनोद आणि वयात येणाऱ्या मुलीचं कुतूहल. तेरा वर्षांच्या मुलीने मुद्दाम बंद केलेलं पान होतं ते.

ते वाचायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे. इतिहासाचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

आता बाजाराकडे वळू, कारण छंदाच्या मागोमाग बाजार येतोच.

हेमिंग्वे आणि पिकासोची वही म्हणून एक काळी, इलॅस्टिक लावलेली वही जगभर विकली जाते. तशा वह्या पूर्वी पॅरिसमध्ये मिळायच्या, हे खरं. पण आज मोलस्काइन नावाने मिळणारी वही मिलानच्या एका कंपनीने 1997 साली बाजारात आणली. हेमिंग्वे त्याच्या छत्तीस वर्षं आधी वारला होता.

शंभर पानी वहीतही तेवढंच लिहिता येतं.

बुलेट जर्नलची गोष्ट याहून वाईट. रायडर कॅरल हा अमेरिकी डिझायनर. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी टिकत नसे, म्हणून त्याने स्वतःपुरती एक पद्धत बसवली आणि 2013 साली लोकांपुढे मांडली. साधी वही, साधं पेन. काम असेल तर टिंब, कार्यक्रम असेल तर छोटा गोल, नोंद असेल तर रेघ. पानांना क्रमांक, पुढे अनुक्रमणिका. बस.

त्यातली खरी मेख महिना संपताना कळते. उरलेली कामं पुढच्या पानावर पुन्हा हाताने लिहायची. एखादं काम पुन्हा लिहायचाही कंटाळा आला तर समजायचं की ते करायचंच नव्हतं. ते खोडून मोकळं व्हायचं. हाताला पडणारा त्रास हाच या पद्धतीचा शहाणपणा.

लोकांनी काय केलं? त्रास काढून टाकला आणि फुलं काढली.

वॉटरकलरच्या वेली, वॉशी टेप, तीन जाडीची ब्रश पेनं, सोनेरी स्टिकर. महिन्याचं पहिलं पान सजवण्यात रविवार जातो आणि त्याचा व्हिडिओ करण्यात सोमवारची रात्र. चित्रं काढायला माझी हरकत नाही, चित्रकला हा स्वतंत्र आणि सुंदर छंद आहे. पण 'मूड ट्रॅकर'मधला उदास दिवसाचा निळा चौकोन पानाच्या रंगात बसत नाही म्हणून तिथे पिवळा भरला, तर ती नोंद कुणाची?

बघणाऱ्यांची.

आणि घरात बसून ते व्हिडिओ बघणारी मुलगी आपलं वेडंवाकडं अक्षर बघते आणि वही कपाटात टाकते. लिहायला शिकवायचं होतं, तिचं लिहिणंच सुटलं. या एका कारणासाठी तरी सजवलेल्या पानांचा हा रतीब थांबायला हवा.

लिहिल्याने मन हलकं होतं, असं सगळे सांगतात. कुणी तपासलं का? तपासलंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा प्रयोग 1986 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटनाही लिहिली आणि त्या वेळी मनात काय झालं तेही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या.

पुढे असे अनेक प्रयोग झाले. सगळे एकत्र करून पाहिले तर फायदा दिसतो, पण लहान दिसतो. चमत्कार विकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि एक तपशील रीलवाले सांगत नाहीत. लिहून झाल्या झाल्या त्या मुलांना बरं वाटलं नव्हतं, उलट जास्तच वाईट वाटलं होतं. खरं लिहिलं की आधी दुखतं. कॅमेऱ्यासमोर डायरी मिटवताना जे समाधानाचं हसू दिसतं, ते त्या प्रयोगात कुणाच्या तोंडावर असेल असं वाटत नाही.

शिवाय त्यांनी लिहिलेलं गुप्त राहणार होतं. नाव उघड होणार नाही, हे कबूल केलेलं होतं. औषध घ्यायचं तर त्याच्या पथ्यासकट घ्या.

वाचक कोण, हा प्रश्न आपल्याकडेही एकाला फार महाग पडला. वासुदेव बळवंत फडके. इंग्रजांविरुद्ध बंड का उभारलं, पैसा कशासाठी हवा होता, माणसं कशी जमवली, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. 1879 मध्ये ते पकडले गेले आणि खटल्यात तेच कागद त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. जन्मठेप, एडन, आणि 1883 मध्ये तिथेच मृत्यू.

फडक्यांची वही सरकारने हिसकावून घेतली होती. आपण आपली स्वतःहून नेऊन देतो.

आज आपल्यातलं कुणी बंड करत नाही, मग कशाला भ्यायचं? सांगतो. नोकरी देणारी कंपनी, सोयरीक जुळवणारा मामा आणि घटस्फोटाच्या दाव्यातला समोरचा वकील, हे तिघंही नाव टाकून शोधतात. नैराश्याच्या दिवसांत टाकलेलं पान त्यांनाही दिसतं. तुम्ही ते काढून टाकलंत तरी स्क्रीनशॉट कुणाकडे आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

वहीचं पान फाडता येतं. ती सोय हातातून का घालवायची?

फोनवरची डायरी हा आणखी एक प्रकार. डिसेंबर 2023 मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर 'जर्नल' नावाचं अ‍ॅप दिलं. तुम्ही कुठे गेलात, कुणाचे फोटो काढलेत, किती चाललात, यावरून ते तुम्हाला सुचवतं की आज कशाबद्दल लिहाल. कुलूपबंद असतं, मजकूर सुरक्षित असतो, हे सगळं मान्य. पण दिवसातलं काय महत्त्वाचं, हे ठरवणं हेच तर रोजनिशीचं निम्मं काम.

ज्या भांडणाचा फोटो नाही, ते अ‍ॅप कसं सुचवणार?

आता सगळ्यात अवघड भाग. त्यावर लोक फारसं बोलत नाहीत, म्हणून मी जरा थांबून बोलणार आहे.

तुमच्या वहीत तुम्ही एकट्या नसता. नवरा असतो. सासू असते, तिचा टोमणा असतो. आईचं आजारपण असतं, तिने रात्री हातरूण ओलं केलेलं असतं. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेला गर्भपात असतो. मुलाने परीक्षेत केलेली कॉपी असते. हे सगळं वहीत यायलाच हवं. नाही आलं तर ती वही कसली?

पण त्यातल्या कुणाला विचारलं होतं?

आई अंथरुणाला खिळली असताना 'काळजी घेणारीची डायरी' म्हणून रोजची पानं दाखवणाऱ्या मुलीला दाद मिळते, आधार मिळतो, तो तिला हवाही असतो. तिचे कष्ट खरे आहेत. पण आईने आयुष्यभर निऱ्यांची टोकं जुळवून, डोक्यावरचा पदर सावरून लोकांत वावर केला. तिचं ओलं हातरूण अनोळखी माणसांनी वाचावं, याला ती हो म्हणाली असती का? आणि ती आता हो किंवा नाही म्हणण्याच्या स्थितीत नसेल, तर तिच्या वतीने नाही म्हणायची जबाबदारी मुलीचीच.

मुलांचं तर विचारूच नका. चार वर्षांच्या पोराचा हट्ट, अंगावरची पुरळ, शाळेतलं रडणं, सगळं 'आईची डायरी' म्हणून बाहेर. ते पोर पंधराचं होईल तेव्हा त्याच्या वर्गातली मुलं ते वाचतील. तेव्हा त्याने कुणाकडे दाद मागायची?

आईकडेच?

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही. आपल्याकडे वही ठेवायला जागा असते कुणाकडे? वन रूम किचनमध्ये सहा माणसं, कपाटाची किल्ली एकीच्या कमरेला, मुलीचं दप्तर भाऊ कधीही उचकटतो. कितीतरी मुलींनी मनातलं रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि परीक्षेआधी फाडून टाकलं. लग्नानंतर नवऱ्याने डायरी वाचली आणि पुढची वीस वर्षं त्यातली वाक्यं ऐकवली, अशा घरांत तर वही म्हणजे धोकाच.

अशा बाईने खोट्या नावाने, चेहरा न दाखवता, दूरच्या चार अनोळखी बायांना आपलं दुःख लिहून कळवलं, तर मी तिला एक शब्द बोलणार नाही. तिच्यासाठी तेच कुलूप आहे. ज्या घरात बाईला एक खण मिळत नाही, त्या घराने तिच्या ऑनलाइन असण्यावर बोलायचा हक्क गमावलेला आहे.

खण आधी द्या. उपदेश नंतर.

पण खण असून, खोली असून, दाराला कडी असून वही चौकात मांडणाऱ्यांचं काय? त्यांना कुणाची आडकाठी आहे?

रोजनिशी कुणी कधी वाचूच नये, असं मी म्हणत नाही. वाचली जावी, पण त्यालाही रीत आहे.

इंग्लंडमध्ये 1937 साली 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाचं काम सुरू झालं. साध्या माणसांनी आपलं रोजचं जगणं लिहून पाठवायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे 480 जण त्यांच्यासाठी डायऱ्या लिहीत होते. त्यात बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातली नेला लास्ट नावाची एक गृहिणी होती. रेशन, बॉम्ब, पोरांची काळजी, आणि वर्षानुवर्षं नवऱ्यापुढे दबून राहिल्याचा राग, सगळं तिने लिहिलं. 1939 पासून जवळजवळ 1966 पर्यंत लिहिलं. पुस्तक निघालं 1981 मध्ये. ती 1968 मध्येच गेली होती.

तिला लाइक एकही मिळालं नाही. तिच्या पानांतून तिच्यासारख्या बायकांचं युद्ध आज कळतं.

इटलीत पिएवे सान्तो स्तेफानो या छोट्या गावात 1984 पासून साध्या माणसांच्या डायऱ्यांचा संग्रह आहे. गावातलेच लोक आलेली हस्तलिखितं वाचतात. क्लेलिया मार्की ही शेतकरी बाई. नवरा अपघातात गेला, तेव्हा तिने आपलं आयुष्य चादरीवर लिहून काढलं आणि ती चादर आणून दिली. चादर आता नवऱ्यासोबत वापरता येणार नव्हती, म्हणून तिच्यावर लिहिलं. ती आजही तिथे बघायला मिळते.

हेही वाटणंच आहे. पण आधी पूर्ण लिहिणं, मग द्यायचं की नाही हे ठरवणं, मग देणं. या तीन पायऱ्यांमध्ये वेळ असतो. रीलमध्ये तो वेळ नसतो. दुपारी रडलो, संध्याकाळी पोस्ट.

महाराष्ट्रात असं डायऱ्यांचं घर का नसावं? पेशवे दप्तर आपण जपलं. आज्जीची वही मात्र रद्दीत जाते.

आणि जाते कारण तिच्यात 'काही नाही' असं आपल्याला वाटतं. नुसत्या नोंदी. पाऊस उशिरा. भाताची लावणी. सुमनचं बाळंतपण. गहू अमुक भावाने.

नुसत्या नोंदींची किंमत जेधे शकावलीला विचारा. कारीच्या जेधे घराण्यातल्या कागदांत मिळालेली, शकावार आणि तिथीवार कोरड्या ओळींची ती टिपणं लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली. त्यात शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 असा नोंदलेला आहे. आज 19 फेब्रुवारीला शिवजयंती साजरी होते, तिच्या मुळाशी ही ओळ आहे. लिहिणाऱ्याने भावना ओतल्या नव्हत्या. तिथी टाकली होती.

घराघरात हे काम अजून चालतं. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेलं कालनिर्णय भिंतीवर टांगलेलं असतं आणि तारखेच्या चौकटीत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवाली न आल्याची फुली, कुणाचा ताप कधी उतरला ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ती लिहिणारी बाई स्वतःला डायरी लिहिणारी म्हणवत नाही.

मी तिला या छंदातली सगळ्यात पक्की समजतो. वर्ष संपलं की ते कॅलेंडर टाकू नका.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी तिच्याकडून शिकावं. आधी तारीख. मग आज काय झालं ते. कुणी काय म्हटलं ते, जमेल तर त्याच शब्दांत. भाव, वेळ, हवा. मग वाटलं काय ते. वाटलेलं एकटंच लिहिलं तर दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही की तेव्हा एवढं रडायला काय झालं होतं.

आणि शेवटची गोष्ट. वही आपल्यामागे राहते, ती कुणाच्या हाती लागणार?

सॅम्युअल पीप्सने 1660 ते 1669 लंडनमध्ये डायरी लिहिली. प्लेग, आग, दरबार, स्वतःच्या भानगडी, सगळं लघुलिपीत, कुणाला सहज वाचता येऊ नये म्हणून. पण सहाही खंड नीट बांधून ग्रंथसंग्रहात ठेवले आणि तो संग्रह केंब्रिजच्या कॉलेजकडे जाईल अशी तजवीज केली. जगाने त्यातला पहिला मजकूर वाचला तो 1825 साली. तोवर त्यातलं दुखावलं जाईल असं कुणी उरलेलं नव्हतं.

लेखक काफ्काने उलट केलं. मित्र मॅक्स ब्रोडला लिहून ठेवलं की माझ्या डायऱ्या, पत्रं, हस्तलिखितं न वाचता जाळ. ब्रोडने छापली. साहित्याचा फायदा झाला, मित्राचा शब्द मोडला, आणि यात कोण बरोबर यावर लोक अजून भांडतात.

तुमच्यामागे असं भांडण ठेवू नका. घरात वह्या असतील तर आज त्या काढा आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर, सही आणि तारखेसह, लिहा की ही कुणाला द्यायची, किती वर्षांनी उघडायची, की न वाचता जाळायची. मग घरातल्या एकाला तरी ते पान दाखवा. बाकीची वही मिटलेलीच ठेवा.